थोरलीची गोष्ट: आधी पुस्तक की आधी सिनेमा?

मुलुंडहून ताईचा फोन आला तेव्हा मी गोरेगावच्या फलाटावर उभी होते. भाचीची सातवीची परीक्षा संपली होती आणि सगळी मे महिन्याची सुट्टी पुढ्यात होती. "हिच्या मैत्रिणींनी कुठल्यातरी चालत्या किल्ल्याचा सिनेमा बघितलाय. त्याचंच पुस्तक तुझ्या कपाटात आहे म्हणते. आधी काय देऊ हिला?" ताई विचारत होती. मागून भाचीचा आवाज आला, "मावशी, सिनेमा दोन तासांत संपतो. पुस्तक केवढं जाड आहे!"

मी चटकन "आधी पुस्तक" म्हणून टाकलं. गाडी आली, फोन ठेवला. पण चर्चगेट येईपर्यंत ते उत्तर मला टोचत राहिलं. वाचणारी माणसं हे उत्तर डोळे मिटून देतात. या दोघांच्या बाबतीत ते खरं आहे का, हे मी कधी तपासलंच नव्हतं. म्हणून पुढच्या आठवड्यात दोन्हींची उजळणी केली. जाता-येता गाडीत पुस्तक, रात्री जेवणं आटोपल्यावर सिनेमा. ताईला दिलेलं उत्तर त्यानंतर थोडं बदललं. का बदललं, ते सांगते. तुमच्याही घरात कुणी बारा-चौदा वर्षांचं असेल, किंवा तुम्हाला स्वतःलाच ठरवायचं असेल, तर उपयोगी पडेल.

पुस्तक ब्रिटिश लेखिका डायना विन जोन्स यांचं. 'हाउल्स मूव्हिंग कॅसल', साल १९८६, प्रकरणं एकवीस. एका शाळेत गेल्या असताना तिथल्या एका मुलानं त्यांना चालत्या किल्ल्याची गोष्ट लिहायला सांगितलं होतं. त्याचं नाव त्यांनी लिहून इतकं जपून ठेवलं की पुढे ते सापडलंच नाही. हे त्यांनी पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगून त्या मुलाचे आभार मानले आहेत. सिनेमा त्याच नावाचा. जपानच्या स्टुडिओ घिबलीसाठी हायाओ मियाझाकी यांनी तो केला, २००४ साली. लांबी एक तास एकोणसाठ मिनिटं. ॲनिमेशनपटांच्या गटात त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. आपल्याकडे घिबलीचे सिनेमे २०२० पासून नेटफ्लिक्सवर आले, तेव्हापासून मुंबईतल्या शाळकरी मुलींमध्ये या किल्ल्याची चर्चा मी वरचेवर ऐकते.

शेवटाची गुपितं मी फोडणार नाही. मधलं एक मात्र सांगावं लागेल. तिथे आधी सावध करीन.

दोन्हींत सारखं काय आहे

आटपाट नगरासारखं एक नगर. तिथे सोफी नावाची मुलगी वडिलांच्या माघारी हॅटच्या दुकानात बसून हॅटांना फिती, फुलं आणि पिसं टाचते. एक दिवस माळरानाची चेटकीण दुकानात येते, हिच्यावर उखडते आणि हिला म्हातारी करून टाकते. वर असा बंदोबस्त की आपल्यावर जादू झाली आहे हे सोफीला कुणाला सांगताही येऊ नये. सोफी घर सोडते. टेकड्यांवर फिरणाऱ्या एका किल्ल्यात शिरते. किल्ला हाउल नावाच्या जादूगाराचा आहे आणि तरुण मुलींची काळजं खातो अशी त्याची ख्याती आहे. किल्ल्याच्या चुलीत कॅल्सिफर नावाचा अग्निराक्षस अडकून पडलेला आहे. तो म्हणतो, माझा आणि हाउलचा करार मोडून दे, मी तुझी जादू उतरवतो. कराराच्या अटी मात्र त्यालाही सांगता येत नाहीत. सोफी झाडूपोछा करणारी म्हणून राहून घेते. किल्ल्याच्या दाराला चार रंगांची खूण असलेली मूठ आहे. ती फिरवली की तेच दार चार निरनिराळ्या ठिकाणी उघडतं.

एवढा सांगाडा दोन्हींत आहे. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि निम्म्याच्या पुढे तर एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत.

सोफीचं तोंड

पुस्तकाची सुरुवात मला फार आवडते. इंगारी नावाच्या या देशात परीकथांमधल्या गोष्टी खऱ्याच असतात, त्यामुळे तीन भावंडांत थोरलं असणं हे दुर्दैव समजलं जातं. नशीब काढायला बाहेर पडलं की थोरली आधी हरणार आणि धाकटी बाजी मारणार, हे सगळ्यांना पाठ. सोफी थोरली आहे. म्हणून आपलं काही व्हायचं नाही हे तिनं मनाशी धरूनच टाकलं आहे. धाकट्या दोघींची कुठे ना कुठे सोय लागते, ही दुकानात मागे राहते. आपल्याकडे हे समजावून सांगावं लागत नाही. शिकून नोकरीला लागलेल्या, धाकट्यांची लग्नं करून दिलेल्या आणि मग दादर-परळच्या चाळीत त्याच खोलीत राहिलेल्या किती तायांना आपण ओळखतो.

एकटी पडलेली सोफी हॅटांशी बोलायला लागते. एकीला म्हणते तुझं तेज काही औरच, दुसरीला म्हणते तुला श्रीमंत नवरा मिळणार. दिसायला बेताची असलेली एक मुलगी एक हॅट घेऊन जाते आणि थोड्याच दिवसांत एका सरदाराबरोबर पळून जाऊन लग्न करते. दुकान तुफान चालायला लागतं. कशामुळे चालतंय, हे सोफीला कळत नाही. आपल्याला कळतं.

माझी आजी कुणी अभद्र बोललं की लगेच हटकायची, "असं बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो." हे पुस्तक म्हणजे त्या एका वाक्याची तीनशे पानांची कादंबरी आहे, असं मला या वेळी वाचताना वाटलं. सोफी जे बोलते ते होतं. काठीला दटावलं की काठी अंगात वारं शिरल्यासारखी वागते. हाउलच्या कोटाला टाके घालताना मुली गटवण्यासाठीच तुला शिवलंय असं पुटपुटली की तो कोट तसाच होतो. हाउलच्या म्हाताऱ्या गुरू, मिसेस पेंटस्टेमन, तिला पाहताच ओळखतात की ही वस्तूंमध्ये बोलून बोलून प्राण भरते. आणि मग वाचणाऱ्याच्या ध्यानात येतं की पहिल्या पानापासून ही मुलगी स्वतःविषयी काय बोलत आली आहे. मी थोरली, माझं काही व्हायचं नाही. तिच्या त्या बोलण्यालाही कुणीतरी तथास्तु म्हणत होतंच. चेटकिणीनं जादू केली खरी, पण सोफीनं स्वतःवर केलेली जादू त्याहून जुनी होती.

सिनेमात हा धागा जवळजवळ नाहीच. तिथे बहीण एकच आहे, धाकटी, बेकरीत काम करणारी, आणि तीही थोड्या वेळापुरती. थोरलेपणाचा शाप नाही, हॅटांशी बोलणं नाही. सोफी गप्प मुलगी आहे, कष्टाळू, मन मारून जगणारी. तिच्या हातात जादू असल्याची पुसट शंका येते एवढंच. ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांना काही हरवलंय असं वाटणार नाही. मला ही तूट फार मोठी वाटते. तुमच्या घरात मला काही येतच नाही असं उठता-बसता म्हणणारी मुलगी असेल तर तिला पुस्तक द्या, आणि सिनेमाच्या आधी द्या. ताईच्या घरात तशी एक आहे.

म्हातारपण

आता सिनेमाच्या बाजूनं बोलते, कारण इथे तो पुस्तकाच्या तोडीस तोड आहे आणि काही ठिकाणी पुढेही जातो.

आरशात सुरकुतलेला चेहरा बघितल्यावर सोफी काय करते? दोन्हींत ती कोसळत नाही. तब्येत धडधाकट दिसतेय अशी स्वतःची समजूत काढते. पुस्तकात तर म्हणते की हेच रूप माझ्या खऱ्या स्वभावाला जास्त शोभतंय. म्हातारी झाल्यावर पुस्तकातली सोफी मोकळी सुटते. लाजरीबुजरी मुलगी कुणालाही टाकून बोलते, हाउलला खडसावते, राक्षसाला मान खाली घालायला लावून त्याच्यावर नाश्ता शिजवते. आपल्या 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक'मधली म्हातारी आठवा. वाघाला म्हणते, लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होते, मग मला खा. तिच्याकडे जिभेखेरीज शस्त्र नाही, आणि ते पुरतं. सोफी त्याच घराण्यातली.

सिनेमातली म्हातारी एवढी बोलकी नाही, पण तिचं शरीर बोलतं. पाठीचा बाक, कंबरेतून निघालेली कळ, टेकडी चढताना लागलेली धाप, तळ्याकाठी खुर्ची मांडून चहा पिताना तिला वाटलेली शांतता. ती कामात रमली की पाठ थोडी ताठ होते, झोपली की चेहरा तरुण होतो. राजवाड्यात हाउलची बाजू घेऊन तावातावानं बोलताना ती बघता बघता मुलगी होते, आणि तुझं त्याच्यावर प्रेम आहे असं समोरचीनं म्हणताच पुन्हा आक्रसून म्हातारी. एक शब्दही न उच्चारता वय मनाबरोबर चढतं-उतरतं. हे कागदावर करणं कठीण आहे. जोन्सबाईंनी ते केलेलं नाही, त्यांची सोफी अखेरपर्यंत म्हातारीच राहते. तिच्या त्या रूपाचं कारण पुस्तक वेगळ्या वाटेनं आणि फार गंमतीदार रीतीनं उलगडतं. ते शेवटाकडचं असल्यामुळे इथे सांगत नाही.

राजवाड्याच्या जिन्याचा प्रसंग मी दोनदा लावला. सोफी आणि माळरानाची चेटकीण, दोघी एकाच वेळी तो प्रचंड जिना चढू लागतात. सोफीच्या हातात एक दम्यानं घुरघुरणारा लठ्ठ कुत्रा. चेटकिणीची पालखी खालीच थांबलेली, ती घामानं डबडबलेली. जिनं आपलं आयुष्य उधळलं तिला सोफी वरून धीर देते. हे बघताना मला दादरचा पूल दिसत होता. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मगच पुढची पायरी, आणि शेजारून चढणाऱ्या अनोळखी बाईला "दमानं घ्या" म्हणणाऱ्या बायका. मियाझाकींना म्हातारी माणसं मनापासून आवडतात हे या एका जिन्यावरून कळतं. पुस्तकात हा प्रसंग नाही. पुस्तकातली चेटकीण अखेरपर्यंत खरीखुरी दुष्ट आहे. सिनेमातली पुढे शक्ती गमावून बसते आणि त्याच घरात एक विसराळू आजी होऊन राहते, चमच्यानं भरवून घेते. शत्रूला घरात घेऊन त्याची शुश्रूषा करणं हा सिनेमाचा स्वभाव आहे. माझा कौल इथे सिनेमाला.

हाउल

हाउलवरून भांडणं होतात, आणि होणारच.

पुस्तकातला हाउल देखणा, हुशार आणि उनाड आहे. कबूल केलेल्या कामातून सटकणं ही त्याची खासियत. तासन् तास न्हाणीघरात बसून नटतो, पोरींच्या मागे लागतो आणि एखादी खरंच प्रेमात पडली की तिला सोडतो. मेच्या उत्सवात सोफी त्याला पहिल्यांदा भेटते ती गर्दीला घाबरून भिंतीच्या कडेकडेनं चाललेली. तो तिला उंदीर म्हणतो, पण कळवळ्यानं. ती पळते. प्रेमाची कसलीही चाहूल नाही.

सिनेमात हीच भेट अशी होते: दोन शिपाई बोळात सोफीची वाट अडवतात, हाउल येतो, त्यांना लांब पाठवतो, तिचा हात धरतो आणि दोघं गावाच्या छपरांवरून हवेत चालत जातात. खाली माणसांची गर्दी, मागे संगीतकार जो हिसाइशींचा वॉल्ट्झ. हा प्रसंग सुंदर आहे. कितीही वेळा बघा, तो सुंदरच राहतो. पण तो हाउलला पहिल्या दहा मिनिटांत राजपुत्र करून टाकतो आणि सोफीला वाचवली गेलेली मुलगी. पुस्तकात ते दोघं भांडत भांडत बरोबरीला येतात. सोफीला त्याचे सगळे दुर्गुण ठाऊक असतात, रोजच्या राबत्यातले, आणि तरीही. तेरा वर्षांच्या मुलीनं प्रेमाविषयी पहिलं काय वाचावं असं मला कुणी विचारलं तर मी ही भांडणं पुढे करीन.

केसांच्या रंगाचा घोटाळा दोन्हींत आहे. सोफीनं न्हाणीघर आवरल्यामुळे बाटल्यांची अदलाबदल होते, केसांचा रंग फसतो आणि हाउल अंगातून हिरवा चिकट चिखल गाळत आक्रोश करतो. पुस्तकात हे पूर्ण प्रकरण आहे आणि वाचताना गाडीत मला हसू आवरेना. सिनेमात तेच घडतं, पण आपण सुंदर नसलो तर जगण्यात अर्थ नाही असं तो म्हणतो आणि त्या वाक्याखाली काहीतरी दुखरं आहे हे जाणवतं. मियाझाकींचा हाउल रात्री पक्ष्याचं रूप घेऊन युद्धावर जातो आणि दर वेळी परत माणूस होणं त्याला जास्त जड जातं. तो दुःखी नायक आहे. पुस्तकातला हाउल दुःखी नाही, निदान स्वतःला तसं दिसू देत नाही.

काळी खूण: इथे गुपित फुटतं

मघाशी म्हटलं ते हेच. नको असेल तर पुढचे पाच परिच्छेद सोडून 'मग ठरवायचं काय' इथे उतरा.

दाराच्या मुठीवर हिरवा, निळा, लाल आणि काळा असे चार रंग आहेत. काळ्या खुणेच्या दारातून हाउल एकटाच जातो. कुठे जातो? या प्रश्नाचं उत्तर पुस्तक आणि सिनेमा पूर्ण वेगळं देतात, आणि माझ्या मते दोघांची सगळी तुलना या एका दारात आहे.

पुस्तकात ते दार आपल्या जगात उघडतं, वेल्समध्ये. विसाव्या शतकातलं साधं वेल्स, मोटारी आणि टीव्ही असलेलं. हाउलचं खरं नाव हॉवेल जेंकिन्स. तिथे त्याची विवाहित बहीण राहते, भाचा कॉम्प्युटरवर खेळ खेळत बसलेला असतो, आणि बहीण त्याला दारातच फैलावर घेते की एवढं शिकून केलंस काय, धड नोकरी नाही, कुणाला सांगायला लाज वाटते. परीकथेतल्या जादूगाराला घरी असं बोलून घ्यावं लागतं! मराठी घरात वाढलेल्या कुणालाही हा संवाद नवीन वाटणार नाही. शिवाय चेटकिणीनं हाउलवर घातलेला शाप म्हणजे सतराव्या शतकातल्या जॉन डन या कवीची कविता निघते, आणि शाळेत गृहपाठाला दिलेली ती कविता ओळीओळीनं खरी होत जाते. शब्दांना प्राण असतो हा पुस्तकाचा धागा इथेही आहे.

सिनेमात काळ्या दारापलीकडे युद्ध आहे. जळणारी शहरं, आकाशभर लढाऊ जहाजं, आणि त्यांच्यामधून उडणारा पक्षी झालेला हाउल. पुस्तकात युद्धाची नुसती कुणकुण आहे. मियाझाकींनी ते मधोमध आणून ठेवलं. मार्च २००३ मध्ये त्यांच्या 'स्पिरिटेड अवे'ला ऑस्कर मिळालं तेव्हा ते समारंभाला गेले नाहीत, आणि इराकवर बाँब टाकणाऱ्या देशात जायची इच्छा नव्हती असं त्यांनी पुढे सांगितलं. हा सिनेमा त्याच काळात घडत होता. पण मुळं आणखी मागे जातात. ते १९४१ साली जन्मले. त्यांच्या घराण्याचा कारखाना लढाऊ विमानांचे भाग बनवायचा आणि बाँबहल्ल्यातून जीव वाचवून पळण्याची आठवण त्यांना अगदी लहानपणापासून आहे. म्हणून या सिनेमातली विमानं एकाच वेळी देखणी आणि किळसवाणी आहेत.

जोन्सबाईंचा जन्म १९३४ चा, लंडनचा. युद्ध सुरू झालं तेव्हा पाच वर्षांच्या या मुलीला सुरक्षित राहावी म्हणून दूर पाठवलं गेलं. कुठे? वेल्सला. हे कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले होते. एकाच युद्धातली दोन लहान मुलं. एकानं मोठं होऊन काळ्या दारामागे पेटलेलं शहर ठेवलं, दुसरीनं ते गाव ठेवलं जिथे तिला बाँबपासून लांब नेलं होतं. लेखिकेच्या मनात असं काही होतं असा माझा दावा नाही, पण मला ते दार आता त्याशिवाय दिसत नाही. म्हणून हा बदल मी मूळ कथेशी केलेली बेइमानी मानत नाही. गाळला गेलेला भाग मला प्रिय आहे, त्याच्या जागी आलेला भागही प्रामाणिक आहे. एकच तक्रार: सिनेमातलं युद्ध ज्या झटक्यात मिटतं ते मला पटत नाही. एवढी शहरं जाळल्यावर एका बाईनं पुरे झालं म्हणावं आणि पुरे व्हावं, हे घाईचं आहे. सिनेमाची शेवटची वीस मिनिटं अशीच धावतात. पुस्तकाच्या शेवटीही पात्रांची गर्दी होते आणि कोण कोणाच्या रूपात आहे हे बोटांवर मोजावं लागतं, पण तिथे मागे जाऊन पान पुन्हा वाचता येतं आणि प्रत्येक गाठ आधी मारलेली सापडते.

लहानसहान फरक चटकन सांगते. पुस्तकातला शिष्य मायकेल पंधरा वर्षांचा, सोफीच्या धाकट्या बहिणीच्या प्रेमात पडलेला. सिनेमात त्याचा मार्कल झाला आहे, खोटी दाढी लावून म्हाताऱ्याचा आव आणणारा लहान मुलगा. पुस्तकातला किल्ला उंच काळा मनोऱ्यांचा. सिनेमातला किल्ला धुराडी, पत्रे, खोपटी आणि जबडा यांचा ढिगारा, कोंबडीच्या पायांवर कुरकुरत चालणारा, आणि हा सिनेमातलाच किल्ला डोळ्यांत कायमचा राहतो. कॅल्सिफर दोन्हींत अप्रतिम. तव्यावर मांसाच्या कापा आणि अंडी तळायचा प्रसंग बघताना भूक लागते, शाकाहारी घरातही. सोफीच्या मागे लागलेलं बुजगावणं पुस्तकात आधी भीतीदायक वाटतं, सिनेमात पहिल्यापासून लाघवी.

मग ठरवायचं काय

एकच निवडायचं असेल, म्हणजे वेळच तेवढा असेल, तर मी पुस्तक निवडीन. सिनेमातली दृश्यं मी विसरणार नाही, पण सोफी मला पुस्तकातली हवी. तुमचं उत्तर वेगळं असू शकतं. ज्यांना सगळ्या धाग्यांचा हिशेब नको, जे रंग आणि सुरांत बुडून जातात, किंवा ज्यांच्या घरात आजी-आजोबा आहेत आणि सगळ्यांनी मिळून काही बघायचं आहे, त्यांनी सिनेमा लावावा. आईनं तो माझ्याबरोबर बघितला, भाषा कळत नसताना. जिन्याच्या प्रसंगाला तिनं आपोआप गुडघ्यावर हात ठेवला.

दोन्ही करायचं असेल तर क्रमाचा प्रश्न येतो, आणि इथे माझं फलाटावरचं उत्तर बदललं. इंग्रजी सहज वाचणाऱ्या मुलांनी आधी पुस्तकच वाचावं. सिनेमा इतका ठसठशीत आहे की एकदा पाहिला की हाउलचा चेहरा, किल्ल्याचा आकार, सगळं ठरून जातं. तुमच्या मनातल्या किल्ल्याला जागाच उरत नाही. पण जी मुलं मराठी माध्यमात शिकतात किंवा ज्यांना इंग्रजी पुस्तकाचा धाक वाटतो, त्यांच्यासाठी उलटा क्रम चांगला. सिनेमा आधी पाहिला की माणसं आणि दार ओळखीची होतात, मग ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत पाय अडखळला तरी गोष्ट हातातून सुटत नाही. आणि निम्म्यानंतर कथा वेगळी होत असल्यामुळे माहीत असलेलंच वाचतोय असा कंटाळाही येत नाही. फक्त मुलाला आधी सांगून ठेवा की पुस्तकात वेगळं घडतं, नाहीतर ते चुका काढत बसतं.

तिसराही मार्ग आहे. मोठ्यानं वाचून दाखवायचं, वाचता वाचता मराठी करत. मी भाचीला पहिली तीन प्रकरणं तशी वाचून दाखवली, त्यांच्या गॅलरीत बसून. सोफीचं म्हातारीचं बोलणं मराठीत आणायला अजिबात त्रास पडत नाही. आपल्या आज्यांनी ती भाषा तयारच करून ठेवली आहे. हॅटांशी ती जे बोलते ते आजीच्या आवाजात म्हणून बघा. रोज एक प्रकरण केलं तर तीन आठवड्यांत पुस्तक होतं, मे महिन्यात मावणारं.

वयाचं म्हणाल तर पुस्तकाला दहाच्या पुढची मुलं चालतील. सिनेमात युद्धाची आणि पक्षीरूपातल्या हाउलची काही दृश्यं लहानांना भिववतील. सात-आठ वर्षांचं मूल असेल तर शेजारी बसा. दोन्ही आवडलं तर पुढेही वाट आहे. जोन्सबाईंनी याच जगातली आणखी दोन पुस्तकं लिहिली, 'कॅसल इन द एअर' १९९० साली आणि 'हाउस ऑफ मेनी वेज' २००८ साली. सिनेमाला मात्र पुढचा भाग नाही. नवी प्रत घ्यायची नसेल तर मुंबईत किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर आणि फ्लोरा फाउंटनला शोधून बघा. इंग्रजी बालसाहित्य तिथे ढिगानं असतं, सापडायला मात्र वेळ काढावा लागतो.

भाची चौथ्या प्रकरणापासून स्वतःच वाचायला लागली. काल रात्री साडेदहाला तिचा फोन आला. सहावं प्रकरण संपलं होतं, हिरव्या चिखलाचं. हसत हसतच तिनं विचारलं, "मावशी, हे सिनेमात आहे ना गं?"

"आहे," म्हटलं.

"आणि त्या काळ्या दारातून तो कुठे जातो?"

"वाच," म्हटलं. "अकरावं प्रकरण."